नरतुरंगातला गुच्छ आणि अक्काचा नंबर

२७ मे १९८९, शनिवार. पारोळ्याजवळच्या एका कापसाच्या जीनचं आवार. चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवणार.

हजर: धुळ्याहून नाना आणि अक्का. धुळ्याहूनच आमच्या आकाशदर्शन मंडळाचे अध्यक्ष आणि त्यांचे काही स्नेही. जळगावहून मी, मंडळाची चिटणीस. जागेचे मालक आबा. मंडपवाला आणि त्याची माणसं. शिवाय निमंत्रण नसताना आलेली निम्मी वस्ती, लेकराबाळांसकट.

गैरहजर: अंधार.

त्या संध्याकाळचं काम एकच होतं. अक्काला दुर्बिणीतून एक तारकागुच्छ दाखवायचा. एक माणूस, एक डोळा, एक वस्तू. एवढं साधं काम इतक्या भल्या माणसांनी मिळून कसं बिघडवलं, ते लिहून ठेवते.

नाना म्हणजे धुळ्याच्या शाळेत मला पदार्थविज्ञान शिकवणारे सर. निवृत्त झाले तसे त्यांचे सर सुटले आणि ते सगळ्यांचे नाना झाले. अक्का त्यांची पत्नी. धूमकेतूच्या वर्षी सगळं गाव पहाटे गच्चीवर चढलं होतं आणि धड काही न दिसता खाली उतरलं होतं. नानांना ते लागलं. बाजारातली चांगली दुर्बीण परवडणारी नव्हती, म्हणून त्यांनी घरीच आरसा घासायला घेतला. सहा इंची जाड काच, तिच्याखाली तेवढीच दुसरी काच, मध्ये ओली पूड. वरची काच पुढे-मागे घासायची, थोडी फिरवायची, आपण एक पाऊल सरकायचं, परत घासायची. असं गोल गोल फिरत महिनोन्‌महिने.

गोल फिरायचं म्हणजे मधोमध काहीतरी जड आणि न हलणारं हवं. नानांच्या घरात तशी वस्तू एकच होती. अक्काची गव्हाची कोठी. ती स्वयंपाकघराच्या मध्यावर आली आणि दोन वर्षं तिथेच राहिली. गहू काढायचे असले की अक्का पदर खोचून उभी राहायची.

"तुमची दुर्बीण जरा उठते का? पोळ्या करायच्या आहेत."

"पाच मिनिटं. एक फेरी राहिली आहे."

"ती पाच मिनिटं मला लग्नापासून माहिती आहेत."

घासायची पूड सगळीकडे उडे. भाकरी दाताखाली कचकली की अक्का नानांच्या ताटाकडे बघून म्हणायची, "आज तारे जरा जास्त पडलेत." मी महिन्यातून एकदा तरी जळगावहून जायची, तेव्हा हे ऐकायला मिळे. मला हसू यायचं आणि त्या कोठीची काळजीही वाटायची. मी असते तर पहिल्याच आठवड्यात ती काच अंगणात ठेवली असती. अक्काने ठेवली नाही.

जेवताना नाना बोलायचे ते गोलाकार तारकागुच्छांबद्दल. चंद्र, शनी यांत त्यांना रस नव्हता. त्यांना गुच्छ हवे होते. त्यांचं सांगणं थोडक्यात असं. आपली आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांची एक चपटी थाळी. तिच्याभोवती, वर आणि खाली, सगळीकडे ताऱ्यांचे गोळे विखुरलेले आहेत. एकेका गोळ्यात लाखो तारे, मधाच्या पोळ्यावर माश्या बसाव्यात तसे दाट. आपल्या आकाशगंगेभोवती असे दीडशेच्या आसपास माहीत होते. दुसऱ्या दीर्घिकांभोवतीही असतात. सगळे फिरत असतात, ज्याची त्याची वाट वेगळी. त्यांच्या प्रकाशावरून ते किती वेगाने जातात हे मोजता येतं, आणि मोजलं की घोळ सुरू होतो. फार लांबचे गुच्छ फार जोरात पळतात. थाळीत दिसणारे सगळे तारे, वायू आणि धूळ यांचं वजन एकत्र केलं, तरी त्याची ओढ इतक्या वेगाच्या गुच्छांना धरून ठेवायला पुरत नाही. ते केव्हाच सुटून जायला हवे होते. सुटले नाहीत. म्हणजे धरून ठेवणारं आणखी काहीतरी आहे. ते दिसत नाही, आणि दिसणाऱ्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. त्याला म्हणायचं कृष्णद्रव्य.

अक्का ताटात वरण वाढता वाढता थांबली. "म्हणजे जे दिसत नाही तेच जास्त आहे?"

"हो."

"आणि तुम्ही दोन वर्षं काच घासताय ती बघायला?"

नानांनी वरणासाठी वाटी पुढे केली.

मला स्वतःला ते कृष्णद्रव्य पटलं नाही. अजून नीट पटत नाही. मी शाळेच्या कार्यालयात काम करते. दर वर्षाअखेरी सामानाची मोजणी माझ्याकडे असते. बाक, फळे, नकाशे, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या. मोजणीत कमी भरलं तर मला कळतं: फुटलं, नाहीतर कोणीतरी नेलं. पण इथे मोजणीत जास्त भरतंय, आणि ते जास्तीचं कुठल्या खोलीत आहे ते कोणीच दाखवू शकत नाही. अशा कागदावर सही कोण करणार? मी नानांना हे म्हटलं. ते म्हणाले, "सही कोणीच केलेली नाही अजून. सगळे नुसते मोजताहेत." ही काय पद्धत झाली?

असो. दुर्बीण एकोणनव्वदच्या जानेवारीत तयार झाली. प्लायवूडची लांब पेटी, तळाशी आरसा, वर बाजूला डोळ्याशी लावायचं भिंग. आरशावर पुण्याहून ॲल्युमिनियमचा मुलामा मारून आणला होता. नानांनी अक्काला पहिल्यांदा चंद्र दाखवला. ती म्हणाली, "चांगला आहे. पण हा अंगणातूनही दिसतो. ते तुमचं जेवतानाचं काय ते दाखवा."

जेवतानाचं म्हणजे नरतुरंग या दक्षिणेकडच्या तारकासमूहातला गुच्छ. साध्या डोळ्यांनाही पुसट ठिपक्यासारखा दिसणारा, सगळ्यात मोठा. कृष्णद्रव्याचा घोळ घालणारे गुच्छ फार लांबचे, ते नानांच्या आरशात कळलेही नसते. पण त्या जातीचा एक तरी गोळा अक्काने डोळ्यांनी बघावा, एवढीच त्यांची इच्छा होती. अडचण अशी की तो आपल्याकडे दक्षिणेला, क्षितिजापासून फार वर न चढता जातो, आणि संध्याकाळच्या आकाशात यायला मे उजाडतो. जून लागला की पावसाचे ढग. नानांच्या अंगणातून दक्षिणेला शेजारची नवी तीन मजली इमारत होती. त्याहून मोठी अडचण अक्काच्या डोळ्यांची होती. उजवा डोळा मोतीबिंदूने गेलाच होता. डावा जायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, पिकल्याशिवाय हात लावायचा नाही. म्हणजे जेवढं दिसतंय तेवढं जाईपर्यंत थांबायचं. वर जूनमध्ये दोघं सुरतेला मुलाकडे कायमचे राहायला जाणार होते. तिथे पहिल्या मजल्यावरची जागा, चहूबाजूंना इमारती. दुर्बीण न्यायचा प्रश्नच नव्हता. थोडक्यात, मे महिना तेवढा हातात होता.

मी योजना केली ती तीन माणसांची. नाना, अक्का, मी. कुठल्यातरी शेतात, गावापासून लांब, साडेआठ ते साडेनऊ. एवढंच. पण दुर्बीण एसटीच्या टपावर टाकण्याजोगी नव्हती. टेम्पो हवा होता. टेम्पोसाठी अध्यक्षांना सांगितलं. अध्यक्ष म्हणाले, नाना धुळं सोडून चालले, मग निरोपाचा कार्यक्रमच का करू नये? त्यांच्या ओळखीचे आबा पारोळ्याकडे. मोठी केळीची बाग, शिवाय स्वतःचं जीन. मे महिन्यात कापूस नसतो, आवार मोकळंच पडलेलं. आबांनी टेम्पो दिला, जागा दिली आणि निरोप पाठवला की बठ्ठी, म्हणजे सगळी, व्यवस्था माझ्याकडे, तुम्ही फक्त या. मी उलट चिठ्ठी पाठवली. काय काय लागेल ते त्यात ओळीने लिहिलं: सपाट जागा, एक मजबूत स्टूल, पिण्याचं पाणी, दक्षिणेची बाजू मोकळी, अंधार.

मी जळगावहून दुपारच्या गाडीने निघाले. एरंडोलच्या पुढे गाडीच्या खिडकीतून गरम धूळ येत होती, पण आकाश स्वच्छ होतं. फाट्यावर उतरून जीनकडे चालत गेले. दिवस मावळायला आला होता. लांबूनच पांढरं काहीतरी चमकलं. जवळ गेले तर आवाराच्या मधोमध मंडप. झालरीचा. आत ट्यूबलाइटींच्या रांगा, खांबांना रंगीत दिव्यांच्या माळा, समोर स्टेज, स्टेजवर माईक. आणि मंडपाच्या आत, छताखाली, मी सांगितलेलं मजबूत स्टूल.

आबा धोतराचा सोगा हातात धरून माझ्याकडे आले. माणूस इतका खूश होता की मी सुरुवात कौतुकानेच केली.

"आबा, छान केलंय हो. पण वर छत आहे."

"हां. वाटरप्रूफ शे."

"तारे वर असतात, आबा."

आबा हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. "ताई, मी नानासले इचारेल शे. त्या म्हने, तुमना तारा खाले दिखस, दक्षिणले. तुम्ही बी तेच लिखेल ना चिठ्ठीमा? देखा, दक्षिणनी कनात काढी टाकेल शे." त्यांनी हात दाखवला. खरंच, मंडपाची एक बाजू पूर्ण उघडी होती आणि ती बरोबर दक्षिणेला होती. स्टूल त्या बाजूच्या तोंडाशीच ठेवलं होतं. माणसाने विचार केला होता. माझ्या चिठ्ठीतली प्रत्येक गोष्ट त्याने केली होती, एक सोडून.

"आणि अंधार?"

इथे आबांचा चेहरा बदलला. "ताई, पाहुणा इतला दूरथीन येतस. त्यासले अंधारामा बठाडू का मी?"

पाहुण्याला अंधारात बसवणं ही त्यांच्या घराण्याला न शोभणारी गोष्ट होती. चिठ्ठीत मी ते लिहिलं तेव्हा त्यांना वाटलं असणार की ताई संकोचाने म्हणते, खर्च नको म्हणून. मी भांडले. बायकापोरं आलीत, विंचू-काटा निघेल, असं मंडपवाला मध्येच म्हणाला. शेवटी तह झाला. भाषणं होईपर्यंत दिवे राहतील. दुर्बिणीची वेळ आली की ट्यूबलाइटी बंद, फक्त माळा चालू. माळा तरी कशाला? तर त्या बंद केल्या की सगळंच मेल्यासारखं वाटतं.

टेम्पो आला. नाना पेटीला धरून मागे उभे होते, अक्का पुढे बसली होती, नवीन लुगडं नेसून. उतरल्यावर तिने डावा डोळा बारीक करून मंडपाकडे बघितलं.

"लग्न कोणाचं आहे?"

"तुमचंच समजा," मी म्हटलं.

"मग हे आता तरी वेळेवर येतील."

साडेसातला सुरू व्हायचा कार्यक्रम आठनंतर सुरू झाला. हार, नारळ, शाल. अध्यक्षांनी नानांच्या शिकवण्याबद्दल सांगितलं, मग स्वतःच्या शिकण्याबद्दल सांगितलं, मग धुळ्याच्या पाणीपुरवठ्याबद्दल. त्यांचे स्नेही बोलले. मी प्रत्येकाच्या मागे जाऊन घड्याळ दाखवत होते. प्रत्येक जण मान हलवून पुढचा मुद्दा घेत होता. तोवर दक्षिणेला नरतुरंगातले तारे वर आले होते. मंडपाच्या उघड्या बाजूने मला ते दिसत होते, ट्यूबलाइटच्या उजेडात फिकट.

नाना उभे राहिले. माईक शिट्टी मारत होता म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. समोर बसलेली माणसं शेतकरी होती. नानांनी एकाकडून गोफण मागून घेतली. त्यात दगड नाही, सत्कारातला नारळ घातला आणि स्टेजवरच फिरवायला लागले. पुढची रांग मागे सरली.

"हा जितका जोरात फिरेल, तितकी दोरी मजबूत हवी. बरोबर?"

"बरोबर!"

"आकाशगंगेभोवती असे ताऱ्यांचे गोळे फिरतात. लांबचे गोळे इतके जोरात, की जेवढी दोरी आपल्याला दिसते तेवढी कधीच तुटायला हवी. तुटत नाही. म्हणजे न दिसणारी दोरी आहे." त्यांनी नारळ थांबवला. "गंमत अशी, की गुच्छ स्वतः आतून त्याच्याच ताऱ्यांनी बांधलेला असतो. त्याच्या आत ही न दिसणारी दोरी जवळजवळ नसतेच. ती असते बाहेर, त्याला फिरवणारी."

मधल्या रांगेतून एक आवाज आला. "मंग ती दोरी कशानी शे, नाना?"

"ते कोणालाच माहीत नाही."

सगळे हसले. अध्यक्षांनी मात्र घसा साफ केला. बाहेरगावचे लोक बोलवायचे, मंडप घालायचा आणि प्रमुख वक्त्याने शेवटी माहीत नाही म्हणायचं, हे त्यांना कार्यक्रमाच्या दृष्टीने बरं वाटलं नाही. त्या एका बाबतीत मी त्यांच्या बाजूने होते.

ट्यूबलाइटी बंद झाल्या. नानांनी दुर्बीण लावली, गुच्छ भिंगात घेतला आणि बाजूला होऊन म्हणाले, "या." ते अक्काकडे बघून म्हणाले. मीही अक्काचा हात धरून तिला उठवायला लागले.

अक्का उठली नाही. "पाहुणे होऊ दे आधी."

"अक्का, हे सगळं तुमच्यासाठी आहे."

"हो गं. पण आपण घरचे. घरचे मागून."

मी आबांकडे वळले. यजमान तेच होते, त्यांनी शब्द टाकला असता तर. आबांनी हात जोडले. "अक्का म्हनतस ते खरं शे, ताई. त्या घरन्या. आधी पाहुणा." आणि बघता बघता पंगतीचा नियम दुर्बिणीला लागला. पहिले अध्यक्ष. मग त्यांचे स्नेही. मग गावातली मोठी माणसं, वयाप्रमाणे. मग बाया. मग पोरं. त्यानंतर मंडपवाला, कारण तो बाहेरगावचा. नाना घरचे, अक्का घरची, मी तर अक्काच्या बाजूची. आबा स्वतः यजमान म्हणून सगळ्यांच्या शेवटी. आमच्याकडे वाढणारी माणसं शेवटी जेवतात, आणि तोवर भात संपला तर त्याबद्दल कोणी बोलत नाही.

रांग सरकेना. एकेक जण भिंगाला डोळा लावायचा, हात पेटीवर ठेवायचा, गुच्छ निसटायचा, नाना परत आणायचे. "काय दिसतंय?" मागचे विचारत. "पिठीसाखर सांडेल शे," एक जण म्हणाला. एका म्हातारीने बराच वेळ डोळा लावून ठेवला आणि शेवटी जाहीर केलं, "माले ते काहीच दिखस नही." तिला परत एकदा बघायचा हक्क मिळाला, कारण ती वयाने मोठी. एका पोराने चक्क दोनदा रांग लावली. मी मध्येमध्ये अक्काला उठवायला जात होते. पहिल्या वेळी ती म्हणाली, बायांचं होऊ दे. नंतर म्हणाली, लेकरांचं होऊ दे, त्यांना झोप येते. मग तिने माझा हात बाजूला करून म्हटलं, "बस ना तू पण. किती नाचशील."

शेवटची दहा-बारा पोरं उरली असताना वारा सुटला. मेमधला आमच्याकडचा वारा सांगून येत नाही. नैर्ऋत्येकडून आधी धुळीचा वास आला, मग झालर फडफडली, मग उघड्या बाजूने मंडपात वारं शिरलं आणि सगळं छत फुग्यासारखं वर उचललं गेलं. कनात काढलेली नसती तर कदाचित मंडप टिकला असता. एक बांबू सुटला. माळा विझल्या. एका क्षणात सगळीकडे अंधार झाला. मला संध्याकाळभर हवा होता तसा, आणि त्यात काहीच दिसत नव्हतं. कापड, बांबू आणि पोरांच्या किंकाळ्या.

कोणाला लागलं नाही. ते पहिलं बघितलं. कापड बाजूला केलं तेव्हा दुर्बीण आडवी पडली होती, पेटीची तळाची फळी निघाली होती आणि आरसा उघडा पडला होता. फुटला नव्हता. मी कंदील धरला. नाना गुडघ्यावर बसून, हात मागे बांधून त्याच्याकडे बघत होते. आरशावर मातीचा थर बसला होता.

"कोणी हात लावू नका," नाना म्हणाले. "उद्या पाण्याने धुऊ. काही बिघडलेलं नाही."

हे ते अध्यक्षांना सांगत होते, तेवढ्यात आबा दुसऱ्या बाजूने आले. आपल्या दारात पाहुण्याच्या वस्तूला धूळ लागली हे बघून त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, आरसा उचलून मांडीवर घेतला आणि पुसला. चांगला दाबून, गोल गोल, देवाचं ताट पुसावं तसा.

मी ओरडले. ते दचकून थांबले.

"धूळ बसेल व्हती ना, ताई."

काचेपेक्षाही नाजूक असा तो मुलामा. वाळूसकट पुसल्यावर काय राहणार? कंदिलाच्या उजेडात आरशावर गोल ओरखडे चमकत होते, कोठीभोवती नाना फिरले होते तसेच. नानांनी आबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा लावता येतो मुलामा. घाबरू नका." मग ते अक्काकडे गेले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. अक्काचं तेवढं ऐकू आलं. "बरं झालं, पाहुण्यांचं तरी झालं."

मला त्या वाक्याचा आलेला राग अजून गेलेला नाही.

जूनमध्ये नाना-अक्का सुरतेला गेले. दुर्बीण माझ्याकडे जळगावला आली, जिन्याखाली पेटी आणि कपाटावर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात आरसा. ठरलं असं, की मी मुलामा लावून घ्यायचा आणि पुढच्या मेमध्ये दोघांनी यायचं. मुलामा लावणारे पुण्याला एकच गृहस्थ. ते एकट्या आरशासाठी यंत्र लावत नाहीत. चार-सहा आरसे जमले की एकदम. ते जमेपर्यंत पहिला मे गेला. दुसऱ्या वर्षी अक्काचा डावा डोळा पिकायला टेकला होता, तिला माणसंही आकाराने ओळखू येत, तेव्हा घाई कोणीच केली नाही. मग अध्यक्षांचे एक स्नेही पुण्याला लग्नाला निघाले होते, त्यांच्याबरोबर आरसा पाठवला. लग्नाच्या सामानात तो पुण्याला गेला आणि तसाच परत आला. वेळ झाला नाही. पुढे एकदा मुलामा लागलाही. ज्याने आणला त्याने तो वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने घट्ट बांधून आणला होता. वाटेत कागद घासून मुलाम्याचा मधला भाग गेला. मी डबा उघडला, बघितला आणि परत बंद केला.

मधल्या काळात अक्काची दोन्ही ऑपरेशनं सुरतेला झाली. जाड भिंगांचा चष्मा लागला आणि तिला सुईत दोरा ओवता यायला लागला. गेल्या दिवाळीत मी सुरतेला गेले होते. नाना आता जिना उतरत नाहीत. बोलतात मात्र तेच. दुसऱ्या दीर्घिकांभोवतीचे गुच्छ आता मोठ्या दुर्बिणींतून मोजायला लागलेत, त्यावरून तिथल्या कृष्णद्रव्याचा अंदाज करता येईल असं कुठेतरी वाचलंय म्हणाले. ते कशाचं आहे ते कळलं का, मी विचारलं. नाही, म्हणाले. सही अजून झालेली नाही.

अक्का मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. तिथे कोपऱ्यात, भिंतीला टेकून, तीच कोठी होती.

"माझा डोळा तयार आहे," ती म्हणाली. "तुझा आरसा कुठे आहे?"

मी यंत्र, पुणे, सुतळी हे सगळं सांगायला लागले. तिने ऐकून घेतलं नाही.

"मला त्या ताऱ्यांच्या गोळ्याची फार हौस आहे असं समजू नको. पण हे आता विसरतात, आणि अजून जेवताना विचारतात. तुला मी तो दाखवला होता ना गं? मी हो म्हणते. मग विचारतात, कसा होता? मी म्हणते, पिठीसाखरेसारखा. ते त्या माणसाचं उसनं वाक्य मी किती दिवस वापरू? मला माझं सांगायचं आहे."

मी जळगावला परत आले त्याला सहा महिने झाले. मे आला आहे. पेटीची तळाची फळी सुताराकडून बसवून घेतली, कामांच्या यादीत त्यावर खूण केली. स्टूल घेतलं, खूण केली. पारोळ्याकडे आबांना निरोप गेला आहे: या खेपेला मंडप नको, आणि पहिला नंबर अक्काचा. त्यांचं उत्तर आलं की बरोबर, आता त्या सुरतेच्या, म्हणजे पाहुण्याच झाल्या. म्हणजे तेही मिटलं.

आरसा डब्यात, डबा कपाटावर. स्वतः घेऊन पुण्याला जायचं, तिथे उभं राहून मुलामा लावून घ्यायचा आणि मांडीवर ठेवून परत आणायचा. एवढं राहिलं आहे. शाळेचे निकाल लागेपर्यंत मला रजा नाही, आणि निकाल दहा जूनला आहेत.